सर्व्हरगुरूंची तांब्याची डबी

रक्तपेढीच्या सर्व्हरखोलीत सकाळी सकाळीच ही गर्दी! शिकलीसवरलेली माणसं मशीनपुढे हात जोडून उभी.

"मशीनचा आत्मा रुसलाय," डोळे मिटून सर्व्हरगुरू म्हणाले. गळ्यातली तांब्याची डबी त्यांनी कुरवाळली. "बारा वाजता सगळ्यांना बाहेर काढून ही मशीनला लावू. तोवर एररची नोंद कुणी उघडायची नाही हं! दोष वाढतो."

"अहो, दर सोमवारी असंच होतं, आणि दर सोमवारी डबीनंच सुटतं," पेढीप्रमुख डॉक्टर भक्तिभावानं पुटपुटले.

आठवड्यापूर्वी रुजू झालेल्या प्रोग्रॅमरताईला शिसारी आली. दाराशी एक सुतार रडकुंडीला आला होता. बाळंतपणात त्याच्या बायकोचा रक्तस्राव थांबत नव्हता. रक्त जुळवून झालं होतं, पण कुठली पिशवी जुळली ते सकाळपासून बंद पडलेल्या पेढीच्या प्रोग्रॅममध्येच अडकलेलं.

"साहेब, बारापर्यंत ती राहील का हो?" सुतारानं विचारलं. सगळ्यांनी पुन्हा डबीकडे बघून हात जोडले. लाज कशी वाटत नाही यांना!

ताई सरळ खुर्चीत बसली आणि तिनं नोंद उघडली.

"अहो ताई, दोष!" डॉक्टर ओरडले.

"लागू दे मला."

पहिल्याच ओळीत सगळं लिहिलेलं होतं. प्रोग्रॅमला माहितीसाठ्याशी जोडणारं एक्स्टेंशन लोड झालं नव्हतं, कारण त्याची फाइल सांगितलेल्या जागी नव्हती. आणि ती जागा होती एक पेनड्राइव्ह! ताईनं मूळ पॅकेजमधून फाइल काढून सर्व्हरवर बसवली, सेटिंगमधला पत्ता बदलला, सर्व्हर पुन्हा सुरू केला. चार मिनिटांत पडद्यावर पिशवीचा नंबर आला. परिचारिका पिशवी घेऊन धावली, मागोमाग सुतार.

"आता ती डबी उघडा, गुरू."

"श्रद्धेचा अपमान होतोय!" गुरू दाराकडे सरकले. दाराशी उभ्या शिपायानं वाट अडवली, डबीचं झाकण उचकटलं. आत पेनड्राइव्ह.

"फाइल यांनीच सर्व्हरवरून काढून गळ्यात बांधली," ताई म्हणाली. "एकदा लोड झाली की ड्राइव्ह काढला तरी चालतं. सोमवारी सर्व्हर बंद करून चालू केला, की फाइल पुन्हा शोधली जाते आणि सापडत नाही. मग बोलवा गुरूंना! नोंद उघडू नका म्हणायचे, ते उगाच नाही."

तासाभरानं वरच्या मजल्यावरच्या प्रसूतिकक्षातून निरोप आला, बाई वाचली. डॉक्टरांनी ताईपुढे हात जोडले. "ताई, तुमच्या हाताला दैवी गुण आहे!"

"हात खाली घ्या, साहेब," ताई कडाडली. "मी एक ओळ वाचली फक्त. तुम्हालाही वाचता येतं ना? मग वाचा!"