नववा कप्पा

मित्रांनो, मी एक जुनी गुंडाळी आहे. गादीची नव्हे आणि कागदाचीही नव्हे. मोटारसायकलची हत्यारं ठेवायची, जाड ताडपत्रीची गुंडाळी. जमिनीवर उलगडलं की मी हातभर लांब होते आणि गुंडाळून पट्टा आवळला की बगलेत मावते. माझ्या पट्ट्याला पितळेचं एक रुंद, चपटं बक्कल आहे. ते जरा चेमटलेलं आहे. ते का चेमटलं, हेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म शिलाई मशीनवर झाला. अशी मशीनं दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाचं नुकतंच लग्न झालं होतं. सुटी मिळाली की तो मोटारसायकल काढून लांब कुठेतरी जाई. पाने, पक्कड, पेचकस सगळं एका पिशवीत कोंबलेलं असे. त्या खुळखुळाटाने त्याच्या बायकोचे कान किटले. तिने एका ट्रकच्या ताडपत्रीचा उरलेला तुकडा घेतला, एकेक हत्यार त्यावर ठेवून खडूने आखलं आणि एका दुपारीत मला शिवून टाकलं. आठ कप्पे, आठही सरळ. "आता तरी घरी येताना वाजत येऊ नका," असं म्हणून तिने मला नवऱ्याच्या हातात ठेवलं. त्या तरुणाला आज सगळी गल्ली मशीनवाले काका म्हणते आणि तिला काकू. मीही तसंच म्हणते.

काकांबरोबर मी दोन मोठ्या रॅली केल्या. रॅली म्हणजे नुसती पळापळ नव्हे. ठरलेल्या रस्त्याने कित्येक दिवस गाडी चालवायची आणि प्रत्येक ठाण्यावर, म्हणजे नोंदीच्या थांब्यावर, ठरल्या वेळेच्या आत पोहोचायचं. वाटेत गाडी बिघडली तर स्वतःची हत्यारं काढून स्वतःच दुरुस्त करायची. दुसऱ्याचा पाना हातात घेतला की नाव यादीतून बाद. त्यामुळे माझा मान मोठा होता. मुक्कामावर इतर स्वार मला उलगडून बघायचे आणि "कुठून शिवून घेतली हो?" असं विचारायचे. काका मोठ्या ऐटीत सांगायचे, "घरूनच."

पुढे मशीन दुरुस्तीच्या दुकानाचं काम वाढलं. गाडीवर चादर पडली आणि मी माळ्यावर रंगाच्या रिकाम्या डब्यांमागे गेले. अकरा वर्षं मी तिथे होते. एका उंदराने माझा कोपरा कुरतडला आणि पाने गंजून कप्प्यांना चिकटले. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटायचं. खाली माणसांचे आवाज येत आणि माझं नाव मात्र कोणी काढत नसे.

मला खाली आणलं ते काकांच्या मुलीने. घरात तिला खारू म्हणतात, कारण लहानपणापासून तिला सापडेल ते साठवून ठेवायची सवय आहे. तुटकी बटणं, रिकाम्या रिळी, एका पायाचा मोजा, काहीही टाकणार नाही. आता ती औषधांच्या दुकानात काम करते आणि रांगेने लावलेल्या बाटल्यांमध्ये तिचा जीव रमतो. तिने मला रॉकेल आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने तीन रविवार साफ केलं. एकेक पाना सुटा झाला तसं मला पुन्हा श्वास घेतल्यासारखं वाटलं. ते उपकार मी विसरणार नाही.

तिने एका सहा दिवसांच्या रॅलीत नाव दिलं होतं. गाडी तीच, काकांची जुनी. हातात पाच महिने होते.

त्याच वर्षी काकांच्या हातांना कंप सुटला होता. चहाचा कप बशीत वाजायचा. एक जुनं गिऱ्हाईक काही न बोलता आपलं मशीन उचलून दुसरीकडे घेऊन गेलं आणि काका दोन दिवस जेमतेम जेवले. ते काकूंना म्हणाले, "ही एवढी गाडी नीट उभी करून देतो. हे जमलं तर म्हणेन, हात अजून कामाचे आहेत. नाही जमलं तर दुकानाला कुलूप." काकूंनी बशी बाजूला केली आणि कपातला चहा मगात ओतला.

तयारी सुरू झाली तशी घराची धर्मशाळा झाली. जेवणाच्या खोलीच्या भिंतीवर भला मोठा नकाशा लागला. रस्ता वळणावळणाचा, तो पट्टीने मोजता येईना. मग काकूंनी लाल दोरा दिला. खारूने तो टाचण्यांनी रस्त्याच्या प्रत्येक वळणावरून फिरवला, मग काढून सरळ केला आणि काकूंच्या टेपने मोजला. टाकीतलं पेट्रोल जिथे संपत येईल तिथे दोऱ्याला गाठ, मुक्कामाला दोन गाठी. सहा दिवसांचा रस्ता एका रिळावर गुंडाळून ती खिशात घेऊन हिंडायची.

रविवारी ती सराव करायची. आधी दोन तास, मग चार, मग सकाळपासून संध्याकाळपर्यंत. घरी आली की भिंतीला धरून चालायची. "बस ना," काकू म्हणायच्या. "आई, बसणं सोडून काहीही सांग," ती म्हणायची. सामानाचं वजन काकू स्वयंपाकघरातल्या काट्यावर करायच्या. पहिल्यांदा वजन केलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "पोरगी रॅलीला चाललीय की सासरी?" मोज्यांचे तीन जोड आणि एक उशी त्याच दिवशी बाहेर निघाली.

आमच्या घराची एक रीत होती, काकांनी घालून दिलेली. जे काम रस्त्यावर करावं लागेल, ते आधी अंगणात करून बघायचं आणि तेही फक्त गुंडाळीतल्या हत्यारांनी. काकू घड्याळ घेऊन पायरीवर बसायच्या. खारू मला उलगडायची आणि कामाला लागायची. क्लचची केबल बदल, प्लग काढ, मागचं चाक सोडवून ट्यूब बदल. मध्येच उठून भिंतीवरचं हत्यार घ्यावं लागलं, तर ते माझ्यात यायचं. जे एकदाही लागलं नाही, ते बाहेर जायचं. अशाने एक जड स्क्रू पाना बाहेर गेला. तो कुठल्याही नटाला बसतो खरा, पण आमच्या प्रत्येक नटाला ठरलेला पाना होता. मग त्या जाड्याला कशाला वाहायचं? आणि शेवटचा नियम असा : गाडीला हात लागला की गुंडाळीला हात लागला पाहिजे. म्हणजे गाडीत काहीही बदललं, तर मला उलगडून तेवढं काम पुन्हा करून बघायचं. तहान लागल्यावर विहीर खणणारी माणसं नव्हती ही.

निघायच्या चार दिवस आधी शेवटची रंगीत तालीम झाली. मागच्या चाकाचा नट सोडवताना माझा चोवीस मिलिमीटरचा पाना सटकला आणि खारूची बोटं सोलवटली. नटाचे कोपरे झिजले होते. "एवढंसंच आहे, बाबा," म्हणून तिने बोटांना पट्टी बांधली आणि काम वेळेत संपवलं. काका मात्र त्या बोटांकडे बघत राहिले.

निघायच्या आदल्या दुपारी खारू औषधांच्या दुकानात होती आणि काकू शिवणाचं माप घ्यायला बाहेर गेल्या होत्या. काकांनी कागदाच्या पुडीतून एक नवा कोरा नट काढला. थरथरत्या हातांनी जुना नट काढून तो बसवायला त्यांना तास लागला. दोनदा नट हातातून निसटून घरंगळला, दोनदा ते वाकून शोधत गेले. पण बसवला आणि घट्ट बसवला. मी समोर खिळ्याला टांगलेली होते. शेवटचा पीळ द्यायला त्यांनी भिंतीवरचा पाना घेतला. तो बावीसचा होता.

नव्या नटाचे आटे तेच होते, पण डोकं लहान होतं आणि माझ्यात बावीसचा पाना नव्हता. काकांना माझ्याकडे नुसतं वळून बघायचं होतं. पण इतक्या दिवसांत त्यांच्या हातून एक काम मनासारखं झालं होतं. त्या आनंदात ते आपलाच नियम विसरले. फडक्याने नट पुसून ते स्वतःशीच हसले आणि आत गेले. लेकीला त्यांनी सांगितलंही नाही. मला मूग गिळून गप्प बसावं लागलं.

रॅलीच्या तपासणीत पंचांनी तो नट ओढून बघितला. "काम पक्कं आहे," ते म्हणाले. खारू निघाली.

दोन दिवस सुरळीत गेले. संध्याकाळी फोनवर काका एकच विचारायचे, "गाडी काय म्हणते?" तिसऱ्या दिवशी, एका उघड्या माळावर, मागचं चाक पंक्चर झालं. खारूने मला रस्त्याच्या कडेला उलगडलं आणि चोवीसचा पाना नटाला लावला. तो ढिला बसून नुसता सटकत राहिला. तिने वाकून बघितलं आणि नवा, चकचकीत नट पाहून तिला सगळं कळलं.

"बाबा, काय केलंत हे!" ती मोठ्याने म्हणाली. मग ती खाली बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात एक स्वार थांबला. "पाना देऊ का?" तिने नकारार्थी मान हलवली. घेतला असता तर तिथेच सगळं संपलं असतं. तो गेला. पुढच्या ठाण्यावर पोहोचायला दीड तास उरला होता आणि रस्ताच पाऊण तासाचा होता.

तिने माझ्याकडे बघितलं. एकेका कप्प्यावरून बोट फिरवत ती माझ्या पट्ट्यापर्यंत आली आणि बक्कलापाशी थांबली. पितळ, चपटं, दोन मिलिमीटर जाड. पाना आणि नट यांच्यातली फटही तेवढीच. तिने चाकूने पट्ट्याची शिवण उसवली. तेव्हा मला दुखलं नाही. खरंच सांगते, तेवढी धन्यता मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. बक्कलाची रुंद बाजू तिने फटीत सारली आणि पान्यावर सगळा भार टाकला. पितळ चेमटलं, कुरकुरलं, आणि नट सुटला. ट्यूब बदलून, त्याच बक्कलाने नट पुन्हा आवळून, मला बुटाच्या नाडीने बांधून ती निघाली. ठाणं बंद व्हायला चार मिनिटं असताना आम्ही पोहोचलो आणि माझा जीव भांड्यात पडला.

त्या संध्याकाळी काकांनी विचारलं, "गाडी काय म्हणते?"

"झकास," ती म्हणाली. "तुमचं काम आहे, बाबा."

रॅली पुरी करून, गळ्यात पदक घालून ती घरी आली. तिने मला हळूच खिळ्याला टांगलं. पण काकांची नजर आधी नाडीवर गेली.

"बक्कल कुठंय?"

"पडलं असेल वाटेत."

पण टाकून देईल ती खारू कसली! बक्कल माझ्याच शेवटच्या कप्प्यात होतं. काकांनी मला उलगडलं आणि ते सापडलं. त्याच्यावर नटाच्या कोपऱ्याचा खोल वण होता. ते बक्कल आणि चोवीसचा पाना घेऊन गाडीपाशी गेले, पाना नटाला लावून बघितला आणि पायरीवर येऊन बसले. कप नसतानाही त्यांचे हात हलत होते.

"मी तुला रस्त्यावर बसवलं," ते म्हणाले. "करायला गेलो एक आणि झालं एक. उद्या दुकानाला कुलूप घालतो."

खारू त्यांच्या शेजारी बसली. "पाऊण तास, बाबा. जास्त नाही. आणि जुना झिजका नट असता, तर त्याच्यावर बक्कलही टिकलं नसतं. मी तिथेच राहिले असते." हे खरं होतं की बापाचं मन राखायला होतं, ते मला अजून कळलेलं नाही. मग तिने भिंतीवरचा बावीसचा पाना काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. "याला आता कप्पा लागेल. तेवढा शिवून द्या."

"आईला सांग की. दोन मिनिटांचं काम आहे तिला."

"तुम्हीच द्या," ती म्हणाली. "नियम तुमचा, नट तुमचा. कप्पाही तुमचाच."

काकू दारातच शिलाई मशीनवर बसल्या होत्या. त्यांनी पायडलवरचा पाय काढला, जाड सुई घेतली, दोरा ओवला, गाठ मारली आणि सुई काकांच्या हातात दिली. मग त्या आत गेल्या.

तीन दुपारी काका शिवत होते. सुई चार वेळा बोटात गेली. शेवटी बक्कलही त्यांनीच पट्ट्याला शिवलं, चेमटलेलं तसंच. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीच्या वेळी दुकान उघडलं.

मित्रांनो, माझे आठ कप्पे सरळ आहेत आणि नववा वाकडा. त्यात बावीसचा पाना तिरका बसतो, पण बसतो. हत्यारं वापरून झाली की जागेवर ठेवा आणि माझ्यासारख्यांना माळ्यावर विसरू नका, एवढं तर मी सांगेनच. पण त्याहून मोठी एक विनंती आहे. तुमच्याही घरात कोणाचे तरी हात थरथरत असतील. त्या हातांतलं काम काढून घेऊ नका. फार तर सुईत दोरा ओवून द्या.