सत्तावीस नंबरचे डोळे

बुधाजीने शून्य दिलं तेव्हा त्याला जराही भीती वाटली नव्हती. उलट थोडी मिजासच वाटली होती.

डिलाईल रोडच्या व्यायामशाळेत एकेचाळीस चित्रं दोऱ्यांना टांगली होती आणि सगळी एकाच माणसाची होती. माणूस कसला, भूत! काजळ्या. दादरच्या नूपुर नावाच्या मुलीने फोनवर वाचायची एक चित्रकथा काढली होती. बंद गिरणीच्या चिमणीत राहणारा, नखशिखांत काजळीने माखलेला आणि चाळकऱ्यांची राखण करणारा हा काजळ्या. त्याचं अंग दिसत नाही, दिसतात फक्त डोळे. त्याच्यावर जीव टाकणारी मंडळी माझगावपासून नायगावपर्यंत होती, आणि त्यांनी आपापला काजळ्या काढून पाठवायची स्पर्धा भरवली होती. बक्षीस एकच. जिंकलेलं चित्र पुढच्या भागाचं मुखपृष्ठ होणार.

परीक्षक तिघं होते. स्वतः नूपुर, ड्रॉइंगचे मास्तर रमाकांत आणि डोळे पारखायला बुधाजी. लालबागच्या गणपतीच्या कारखान्यात चाळीस वर्षं तो मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करत होता. मूर्ती कुणीही घडवो, रंग कुणीही भरो, डोळे बुधाजीचे. स्पर्धेचे नियम कडक होते. चित्रावर नाव नाही, नुसता नंबर, आणि नावं बंद पाकिटात. तिघांनी एकमेकांशी न बोलता दहापैकी मार्क द्यायचे, खाली एका ओळीत कारण लिहायचं, आणि निकालाच्या दिवशी ते चित्राशेजारी लावायचं. सत्तावीस नंबरचा कागद सबंध काळा होता. बुधाजीने शून्य टाकलं आणि लिहिलं, 'डोळेच नाहीत.'

तिघांचे मार्क जमा झाल्यावर, बुधवारी तो कारखान्यात असताना नूपुरचा फोन आला.

"काका, सत्तावीसला मी नऊ दिलेत, सरांनी दहा. तुमचं शून्य आहे. पण त्यात काळ्यावर काळे डोळे आहेत ना!"

गेली दोन वर्षं त्याच्या नजरेच्या बरोबर मधोमध एक धुरकट डाग बसला होता. फिक्यावर गडद काढलेलं कसंबसं दिसायचं, गडदावर गडद मात्र पार बुडून जायचं. डॉक्टरने डोळ्याच्या पडद्याचा आजार म्हणून सांगितलं होतं, चष्म्याने न सुटणारा. हे त्याने घरातसुद्धा सांगितलं नव्हतं. आखणीवाल्याची नजर गेली हे लालबागेत पसरायला एक चहा पुरतो, आणि मग त्याच्या हातात ब्रश कोण देणार? हात सवयीने चालत होता, मूर्ती मखरात बसत होत्या, एकाही मंडळाची तक्रार नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"काका, ऐकताय ना?"

"असतीत गो. माका नाय भावले."

"बरं. डोळ्यांतलं तुम्हाला जास्त कळतं. मग शून्यच राहू दे."

तो सुटला होता, पण फोन ठेवल्यावरही ब्रश हातात घेईना. शेजारी नायगावची सुचित्रा मूर्तीच्या अंगाला रंग देत होती. बारा वर्षं ती त्याच्या हाताखाली होती.

"काय झालं, काका?"

"काय नाय. तू तुझा काम कर."

त्या दिवसापासून बुधाजीला सुख नव्हतं. निकालाला त्याची 'डोळेच नाहीत' ही ओळ सगळ्यांदेखत चित्राशेजारी लागणार होती. चोराच्या मनात चांदणं! समोरच्या दुकानातल्या दोघांनी हसून त्याच्याकडे पाहिलं तर त्याला वाटायचं, कळलं यांना. पायरीवर पाय जपून टाकला तरी तो आजूबाजूला बघायचा, कुणी पाहिलं तर नाही ना. आणि याहून वाईट एक विचार पाठ सोडत नव्हता. सत्तावीसमधले डोळे दिसले नाहीत, मग उरलेल्या चाळीस चित्रांत काय काय दिसलं नसेल? माणसं चार-चार दिवस कागदावर वाकली असतील, आणि आपण न बघता मार्क वाटून आलो.

रविवारी चारला निकाल होता. बुधाजी दोनलाच व्यायामशाळेत जाऊन पोचला. आत कुणी नव्हतं. सत्तावीस नंबरपुढे तो उभा राहिला. काळा कागद काळाच. मान वाकडी करून कडेच्या नजरेने पाहिलं, तरी काही नाही. चित्राला हात लावायचा नाही अशी पाटी होती. त्याने हात लावला.

रंग जाड होता. बोटाला एक रेघ लागली. पापणीची. डोळे अर्धे मिटलेले होते, गिरणीतली पाळी संपवून आलेल्या माणसाचे. बोट रेघेवरून पुढे सरकलं आणि थबकलं. सगळी दुनिया डोळ्याची रेघ नाकाकडून बाहेर ओढते. ही रेघ बाहेरच्या कोपऱ्यातून निघून नाकाशी हलकेच उचलली होती. अशी उलटी रेघ एकटा बुधाजी काढायचा. आणि हौस म्हणून त्याने ती एकीलाच शिकवली होती, सुचित्राला.

पण मूर्तीचा डोळा त्याने तिला कधी करू दिला नव्हता. इतकी सफाई शेकडो डोळे काढल्याशिवाय येत नाही. मग हिने ते काढले कुठे?

उत्तर त्याला समजलं. तो बाकावर बसला. आता शून्याचे दहा करावेत, तर चित्र कुणाचं ते त्याला ठाऊक झालं होतं, म्हणजे तो आपल्या माणसाला झुकतं माप देणार. शून्य ठेवावं, तर उघड अन्याय. तिसरी वाट होती, पण ती धरली की हातातला ब्रश जाणार होता.

चारला जागा भरली. पुढच्या खुर्चीत दौलत येऊन बसला. काजळ्याच्या चाहत्यांपैकीच एक, आणि बुधाजीला दरवर्षी मोठ्या मूर्तीचं काम देणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष. यांनी आजच यायला हवं होतं का? नूपुरने यादी उचलली आणि बुधाजी उठला.

"थांब. माझे मार्क खोड."

"सत्तावीसचे?"

"एकेचाळीसच्या एकेचाळीस चित्रांचे. मला गडद रंग दिसत नाही. दोन वर्षं झाली. मी न बघता मार्क दिलेत."

दौलत म्हणाला, "बुधाजी, मग आमच्या मूर्तीचे डोळे?"

बुधाजीने आधी यादीकडे बोट दाखवलं. नूपुरने लाल पेनाने त्याचा सगळा रकाना खोडला, मास्तरांबरोबर पुन्हा बेरीज केली. सत्तावीस नंबर पहिला आला. पाकीट फोडलं, नाव निघालं सुचित्राचं. टाळ्या वाजल्या, पण ती नूपुरकडे न जाता बुधाजीपाशी येऊन थांबली.

"तुम्ही परीक्षक आहात हे मला चित्र दिल्यावर कळलं, काका."

"ता ऱ्हवांदे," त्याने ते बाजूला सारलं. "कधीपासून?"

"दोन वर्षांपूर्वीच्या माघी गणपतीपासून. तुम्ही घरी गेलात की मूर्तीचे डोळे वरून पुन्हा काढायची."

"किती?" दहा म्हणेल, वीस म्हणेल, अशी त्याला अजून आशा होती.

"सगळे."

बुधाजी दौलतच्या खुर्चीकडे वळला. दौलतचा चेहरा त्याच्या डागात पुरता बुडाला होता.

"दौलतशेठ, तुमच्या मूर्तीचे डोळे हिचे आहेत," तो म्हणाला. "दोन्ही वर्षांचे."

दौलत काहीतरी बोलला. बुधाजीला ते ऐकूच आलं नाही. त्याने सुचित्राचा खांदा घट्ट धरला होता.