अक्षाला न टेकणारी रेघ

"सर, स्क्रीनवर दाखवून द्या ना. काहून हातानं काढता?" शेवटच्या बाकावर बसत अंकुश म्हणाला.

"हातानं काढल्याबिगर लॉगचा ग्राफ समजत नाही गा." शालिकराम सरांनी उजवा हात खिशातून बाहेर काढला.

मनीषनगरातला हा क्लास अंकुशचा. शाळेत तो सरांच्याच हाताखाली शिकला, म्हणून त्यांना जा म्हणायला त्याची जीभ रेटत नव्हती. सरांचा हात मात्र वर्षभर थरथरत होता. आज आलेख नीट निघाला तर ठीक, नाहीतर उद्यापासून आराम करा, असं त्याने सकाळीच आडून सुचवलं होतं. आराम कुठे करायचा? पत्नी प्रेमिलाबाई वारल्यापासून सर काय बोलत ते या वर्गातच.

पट्टीने त्यांनी दोन अक्ष आखले, आडव्या अक्षावर एकच्या खुणेशी ठिपका दिला.

"इथून उजवीकडे चढते, पण दमानं. अन् डावीकडे शून्याजवळ गेली का नुसती खाली. वाय-अक्षाले कधी टेकत नाही. काहून? शून्याचा लॉगच नसते."

ही रेघ ते एका दमात काढत. मध्ये खडू उचलणं त्यांना कमीपणाचं वाटे. तोच हट्ट नडला. खाली येता येता मनगट उडालं आणि रेघ वाय-अक्ष ओलांडून पलीकडे गेली. सरांनी हात पटकन खिशात घातला.

अंकुश मोबाईल पाहत होता. त्याने मान वर करून फळ्यावर ओझरती नजर टाकली.

"जमलं ना सर. चालू द्या मंग." तो उठून दाराकडे निघाला.

सर सुटले होते. त्यांनी वर्गाकडे पाहिलं. कुणी हसत नव्हतं. रोज उमरेडहून एसटीने येणारी करिष्मा मान खाली घालून अक्षापलीकडचं ते शेपूट जसंच्या तसं वहीत उतरवत होती. सरांनी काढलं म्हणजे बरोबरच असणार.

"अंकुश, थांब गा. रेघ चुकली माझी. उद्यापासून दुसरा माणूस पाह्य."

अंकुश दारातच थबकला.

"करिष्मा, खोड ते. इकडे ये वं, तू काढ."

ती बिचकत आली, चुकलेली रेघ पुसली, फळ्याखालचा खडू घेतला. तिची रेघ अक्षाजवळ गेली, खाली वळली, त्याला खेटून उतरत राहिली. फळा संपला तिथे तिने खडू उचलला.

"टेकली नाही ना सर?"

"नाही टेकली," सर म्हणाले आणि खडू घ्यायला त्यांनी हात पुढे केला. सगळ्या वर्गासमोर तो थरथरत राहिला.