गुडघ्याजवळची सुई

इंद्रभानचा हात हलका आहे, हे आसेगावात शेळ्यांनासुद्धा ठाऊक होतं. जनावरांच्या दवाखान्यात त्यानं एकतीस वर्षं पट्टीबंधक म्हणून काढली. डॉक्टरसाहेब आठवड्यातून एकदा उगवायचे, बाकी सगळा कारभार याचाच. रिटायर झाल्यावरही लोक जनावरं घेऊन दारात यायचे आणि गडी खूश व्हायचा. हा हलका हातच शेवटी पोरीच्या मुळावर आला.

पोर म्हणजे वैष्णवी, त्याची एकुलती एक. पोलीस भरतीची तयारी करत होती. आठशे मीटर अशी काढायची की मैदानावरची टारगट पोरं टोमणे मारायचं विसरायची. पण भरतीला दीड महिना उरला आणि उजवा गुडघा दुखायला लागला. मंगरूळपीरच्या जिममधल्या कोणीतरी तिला पेप्टाइड नावाच्या औषधाची बाटली मिळवून दिली. बोटाएवढी बाटली, तळाशी पांढरी भुकटी. पाण्यात विरघळवायची, दुखऱ्या जागेजवळ कातडीखाली टोचायची, की दुखणं पळालंच म्हणे. सोबत ना डॉक्टरची चिठ्ठी, ना पाणी.

"बाबा, यावर लिवलं हाय, फक्त संशोधनासाठी, माणसासाठी नाही," वैष्णवीनं लेबल वाचलं. "एकडाव डॉक्टरले दाखवू का?"

"कंपन्या लिवतच असतात तसं," इंद्रभान हसला. "एकतीस वर्षं सुया मारल्या म्या. मले कोणाले विचारा लागते?"

ते हसणं परत घेता आलं असतं तर त्यानं काय वाट्टेल ते दिलं असतं.

सुई नवी कोरी घेतली, हात साबणानं धुतले, कातडीला स्पिरिट लावलं. सगळं अगदी रीतसर. मग पाणी हवं म्हणून हात आपोआप फ्रिजच्या दाराकडे गेला. तिथं शेळ्यांची लस पातळ करायच्या पाण्याची बाटली होती, तीन आठवड्यांपूर्वी फोडलेली, अर्धी उरलेली. उरलेलं फेकायचं नाही, ही दवाखान्याची सवय हाडीमाशी खिळलेली. फोडलेली बाटली शेळ्यांनाही चालत नाही, हे साहेबांनी त्याला शंभरदा सांगितलं होतं.

त्याच पाण्यात भुकटी कालवून तीन दिवस तीन सुया झाल्या. चौथ्या दिवशी गुडघा सुजून टणक झाला. तिला जीपमध्ये घालून त्यानं वाशिमचा एक दवाखाना गाठला. केसपेपर लिहिणाऱ्यानं ओळखलं, "या, इंद्रभानभाऊ, या!" म्हणून खुर्ची दिली.

"कशानं झालं? काही इंजेक्शन-बिंजेक्शन घेतलं का?" डॉक्टरनं विचारलं.

वैष्णवीनं बापाकडे पाहिलं. "नाही. धावताना पडली मी."

त्यानं तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण सूज दोन दिवसांत उतरेल, उगाच चव्हाट्यावर कशाला, असं त्याच्या मनानं घेतलं. डॉक्टरनं पाय मुरगळला समजून पट्टी बांधली, गोळ्या दिल्या.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी पोर तापानं बरळायला लागली, तेव्हा इंद्रभाननं दोन्ही बाटल्या डॉक्टरसमोर ठेवल्या आणि रडत रडत सगळं ओकून टाकलं.

डॉक्टर ओरडला नाही. "सांध्यात पू झालाय. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर त्याच दिवशी काढला असता," एवढंच म्हणाला.

गुडघा उघडून दोनदा धुवावा लागला. पोर वाचली. गुडघा मात्र आता पुरता वाकत नाही.

भरतीच्या दिवशी वैष्णवीची मैत्रीण रुचिका धावणार होती. "मले घेऊन चाला," वैष्णवी म्हणाली, म्हणून तो तिला मैदानावर घेऊन गेला. कुंपणापाशी रुचिकाची आई धनीबाई उभी होती. तिनं लंगडणाऱ्या पोरीला जवळ घेतलं. "तुह्या पायाले काय झालं वं माय?"

"काही नाही, काकू. धावताना पडली होती."

इंद्रभानला ते सोसवेना. "पडली नाही ते," तो म्हणाला. "म्या सुई मारली. शेळ्याच्या लशीच्या पाण्यात दवाई कालवून."

वैष्णवीनं बापाकडे वळूनही पाहिलं नाही. मैदानात पोरी रेषेवर उभ्या राहत होत्या, ती त्यांच्याकडेच बघत राहिली.

"आता सांगून काय उपेग, बाबा? डॉक्टर इचारून राह्यला होता, तवा बोलाचं होतं."