बुडी मारण्याआधीची पाच मिनिटे

मी पाणबुड्यांचा एक जुना श्वाससंच आहे. मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. कीव करायचीच असेल, तर मला पाठीवर घेणाऱ्या शहाण्यांची करा.

हवेच्या साध्या नळकांड्यावर बुडी मारणारा माणूस आपला श्वास बुडबुड्यांत उधळून टाकतो. माझ्या पोटात चुन्याचे खडे आहेत. सोडलेला श्वास त्यांतून गाळून मी पुन्हा देतो आणि एका बारीक छिद्रातून त्यात ताज्या वायूची भर पडत राहते. माझी मालकीण हे सारे शिकवते. मी नवा होतो तेव्हा लोक माझे कौतुक करायचे, पण मला नीट धुणारे तेव्हाही मोजकेच होते.

गेल्या वर्षी तिचा धाकटा भाऊ शिकायला आला. दोनशे बुड्या मारलेल्या, त्यामुळे स्वारी हवेत. पहिल्याच दिवशी पोहण्याच्या तलावात वर येण्यासाठी त्याने छाती भरून श्वास घेतला. नळकांड्यावर ही युक्ती चालते, छाती फुगली की माणूस वर उचलला जातो. इथे हवा फक्त माझ्या श्वासाच्या पिशवीतून त्याच्या छातीत गेली, तो फुगला तेवढा मी आकसलो आणि महाशय तळाशी फतकल मारून बसले.

समुद्रातून आल्यावर मला गोड्या पाण्याने धुवायचे असते. उद्या धुतो म्हणून त्याने मला खुंटीला टांगले आणि आठवडाभर फिरकला नाही. छिद्रात मीठ घट्ट बसले.

पुढच्या वेळी धक्क्यावर ताईने नियम सांगितला: पाण्यात उतरण्याआधी पाच मिनिटे बसून माझ्यातून श्वास घ्यायचा आणि माझ्या पडद्यावरचा प्राणवायूचा आकडा पाहायचा.

"ताई, श्वास घ्यायला मी पाळण्यातच शिकलोय."

"मग पाच मिनिटं घेऊन दाखव."

ताई घड्याळ धरून बसली आणि तो माझी नळी तोंडात धरून मोबाइल पाहत बसला. मिठाने बुजलेल्या छिद्रातून ताजा वायू येईना आणि आकडा घसरत होता. सोडलेल्या श्वासातला गुदमरवणारा वायू मात्र माझा चुना शोषून घेत होता, म्हणून या दीडशहाण्याला धापही लागली नाही. चौथ्या मिनिटाला त्याची मान कलली. ओठांवर मोबाइलमधल्या कसल्याशा विनोदाचे हसू तसेच होते.

ताईने नळी ओढून काढली, त्याला आडवे केले आणि हाका मारल्या. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले.

"झाली का पाच मिनिटं?" त्याने विचारले.

ताईच्या मुठीतले घड्याळ अजून चालूच होते. मला त्या पोराचा इतका तिटकारा कधीच आला नव्हता.

आता कोणी न सांगताही तो मला धुतो. मित्रांनो, माझी काळजी घ्या अशी विनवणी मी करणार नाही. मीठ चढले तर मी फार तर बंद पडेन. पण धक्क्यावर घड्याळ धरून तुमचेही कोणी बसलेले असेल. निदान त्या माणसासाठी तरी मला धूत जा.