तुझ्यावाचून अडेल

अकरा वर्षं ज्या भावानं तोंड पाहिलं नव्हतं, त्यानं स्वतःहून फोन केला. "पोरीचं लग्न आहे. यायलाच हवंस. तुझ्यावाचून अडेल."

झालं! आत्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. नवऱ्याला सोडून आली म्हणून त्यानं संबंध तोडले होते, आणि आता तोच म्हणतोय, अडेल! तिनं कपडे दुरुस्तीच्या दुकानाला कुलूप ठोकलं, गुडघे कुरकुरत असताना उंच टाचांचे सँडल घेतले. मनात एकच होतं, घरच्यांच्या फोटोत दादाशेजारी उभं राहायचं. जेवण नाही मिळालं तरी चालेल.

लग्नाच्या हॉलवर जागा मिळाली ती स्वयंपाकघराच्या दाराशी. दार उघडलं की खुर्चीला धडक. टेबलावर आणखी तिघं होती: एक दणकट नर्स, एक वायरमन आणि उसन्या कोटातला नळदुरुस्तीवाला. कोटाच्या बाह्या चांगल्या दोन बोटं आखूड. काय हे ध्यान, म्हणून आत्यानं नाक मुरडलं.

"तुम्ही मुलीकडच्या?" नर्सनं विचारलं.

"सख्खी आत्या!" ती शेजारच्या टेबलालाही ऐकू जाईल अशी म्हणाली. "इथे बसवलंय ते चुकून. दादा येईलच न्यायला."

"मला पण त्यांनीच फोन केला हो," नळवाला खुशीत म्हणाला. "म्हणाले, तुमच्यावाचून अडेल."

नर्सचा घास हातातच राहिला. "अगं बाई! मलाही हेच म्हणाले."

"आणि मला," वायरमन म्हणाला. मग त्यानंच हिशेब लावला. नवरदेवाच्या आजोबांचं हृदय नाजूक, म्हणून नर्स. हॉलची लाइट जाते, म्हणून तो. संडास तुंबतात, म्हणून नळवाला. तिघंही पोट धरधरून हसली. आत्याही हसली. तुमचं ठीक आहे बाबांनो, मी रक्ताची आहे.

"आणि ताई, तुम्ही काय काम करता?" नळवाल्यानं सहज विचारलं.

आत्यानं ऐकू न आल्यासारखं केलं. एवढ्यात खरंच दादा लगबगीनं आला. "चल लवकर, तुझ्यासाठी फोटो अडलाय."

"बघा, आलाच की नाही!" नळवाल्याकडे मान वळवून बघत, ठेच लागली तरी हसत, आत्या मंचावर चढली.

वर पुतणी रडवेली होऊन उभी. पायघोळ पोशाखाचा घेर टाचेखाली येऊन चांगला हातभर उसवला होता. वहिनीनं आत्याच्या हातात सुईदोरा कोंबला. "पटापट घाल टाके. याचसाठी तर बोलावलंय तुला."

आत्या गुडघ्यांवर बसली. काय दुखले म्हणून सांगू! पण हात ते हात, आपोआप चालू लागले.

"त्या बाई दिसतायत," फोटोवाला ओरडला.

"मागे सरक जरा," दादा म्हणाला. ती घेराआड सरकली. "डोकं खाली."

"दादा, चारच टाके राहिलेत. मग मी उभी राहते ना?"

"आधी हा होऊ दे." तो कॅमेऱ्याकडे बघत हसत होता.

"घरचे सगळे आले ना?" फोटोवाल्यानं विचारलं.

"आले, आले. सगळे आले."

आत्याला हंबरडा फोडावासा वाटला. पण दातांत दोरा होता.

"आत्या, अशी थरथरू नकोस गं," पुतणी वरून कुजबुजली, "माझा घेर हलतोय."