टोपणाच्या जागी चिंधी

बांधाशी वळण घ्यायचं म्हणून सुनेने ट्रॅक्टरवरची, नांगर उचलायची दांडी ओढली. लिफ्ट कण्हत कण्हत वीतभर उठली, थरथरली आणि नांगर पुन्हा मातीत बसला. तिने परत ओढली. सीटखालून नुसती घरघर आली. अर्धं रान नांगरलेलं, अर्धं तसंच, आणि मातीला आजच कुठे वाफसा आलेला. दोन दिवस ऊन पडलं की हीच माती दगड होणार, हे तिला कोणी सांगायला नको होतं. नांगर तिथेच सोडवून ती ट्रॅक्टर घेऊन घरी आली.

ट्रॅक्टर तसा म्हातारा, अंगाने लहानखुरा. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, घेतला तेव्हा गावाने नाकं मुरडली होती, हे खेळणं काय नांगरणार म्हणून. खेळण्याने बावीस वर्षं नांगरलं, आणि नाकं मुरडणारेही पुढे तोच मागायला दारात उभे राहिले. आबा त्याला रोज दिवस मावळताना पाइपने धूत. बैल होते तेव्हा बैल धूत, आता हा. चावी कायम त्यांच्या खिशात. सकाळी तेच चालू करून देणार, मग सुनेने रानात न्यायचा.

नवरा लाकडाच्या वखारीतून आला तो हात न धुताच ट्रॅक्टरवर चढला. लिफ्टच्या तेलाची गेजपट्टी त्याने ओढून काढली आणि बघतच राहिला. तेल पांढरं झालेलं, दुधासारखं. वर फेस.

"तेल कमी नाहीच. खुणेच्या वर चढलंय! आबा, तुम्ही काय ओतलंत यात?"

आबा ओट्यावर बसले होते. "मी? मी कशाला ओतू?"

"मागच्या महिन्यात फवारणीच्या पंपात डिझेल कोणी ओतलं मग? शेजाऱ्याने?"

डिझेल आबांनीच ओतलं होतं. अलीकडे त्यांचं असंच व्हायचं. चष्मा डोळ्यांवर असायचा आणि ते घरभर शोधायचे. आबांनी ट्रॅक्टरकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"ओतलं असेल बाबा. आठवत नाही मला."

"चावी द्या इकडे. आजपासून तुम्ही ट्रॅक्टरला हात लावायचा नाही."

आबांनी खिशातून चावी काढून दिली.

 सीटच्या मागे, नवऱ्याचं लक्ष गेलं नव्हतं तिथे, तेल भरायच्या भोकावर, टोपणाच्या जागी पिवळी चिंधी तारेने आवळलेली होती, आणि ती चिंधी सुनेच्याच जुन्या साडीची होती. दोन महिन्यांपूर्वी खत उतरवताना तिचा पाय पडून टोपण फुटलं होतं. तेव्हा ती बोलली नाही. ट्रॅक्टर हातात देताना नवऱ्याने बजावलं होतं, "एक वस्तू मोडलीस ना, तर परत सीटवर बसायचं नाही." बाईने ट्रॅक्टर चालवलेला त्याला आधीच खपत नव्हता. आणि तिला तर रानात त्या सीटवर बसलं की आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं. म्हणून चिंधी. आता आबांच्या पाइपचं पाणी रोज त्या चिंधीवर पडत होतं आणि झिरपून आत जात होतं, एवढं कळायला फिटरची गरज नव्हती.

तिने बोलायला हवं होतं. त्याऐवजी नवरा आत गेल्यावर तिने चिंधी सोडवली, कमरेला खोचली आणि भोकावर वाटी पालथी घातली. माणूस एकदा लपवायला लागला की त्याचे हात आपोआप चालतात.

सकाळी फिटर आला. गाडी हलवू नका, असा त्याने निरोपच धाडला होता. खालचा बोल्ट सोडला तसं आधी तांब्याभर निव्वळ पाणी पडलं, मागून पांढरं तेल.

"रात्रभर उभी होती, म्हणून पाणी खाली बसलं," फिटर म्हणाला. "कोणी ओतलेलं दिसत नाही हे. थोडं थोडं शिरलंय. वरचं टोपण कुठंय?"

नवऱ्याने वाटी उचलली. "हे बघा! टोपणही हरवलं आबांनी."

फिटरने जाळी धुतली. आत नवं तेल भरायचं, लिफ्ट दहा-पंधरा वेळा खालीवर करायची, ते काढून टाकायचं आणि पुन्हा नवं भरायचं, असं त्याने समजावलं. नवरा मान हलवत होता. सून ऐकत नव्हती. ती अंगणाकडे बघत होती.

आबा अंगणात गुडघ्यांवर बसून टोपण शोधत होते. सरपणाखाली हात घालून बघितलं, पाइपचं वेटोळं उचलून बघितलं, मग दगडी कुंडीमागची माती बोटांनी उकरायला लागले. मध्येच थांबले आणि स्वतःशीच म्हणाले, "कुठे ठेवलं मी मेल्याने?"

तिला ते बघवेना. कमरेची चिंधी काढून तिने नवऱ्यासमोर धरली.

"अहो, टोपण मी फोडलं. ही माझ्या साडीची चिंधी मी बांधली होती. आबांनी काही केलेलं नाही."

नवऱ्याने चिंधी तिच्या हातातून ओढून घेतली. "आणि काल? काल तोंड शिवलं होतं?"

"हो. भ्याले मी. सीट जाईल म्हणून भ्याले, आणि आबांवर ढकललं. तुम्ही सीट घ्या, पण त्यांना चावी द्या."

फिटर पाना पुसत दुसरीकडे बघायला लागला. नवऱ्याला पुष्कळ बोलायचं होतं, पण ऊन चढत होतं, वखारीचा भोंगा वाजून गेला होता आणि अर्धं रान नांगरायला दुसरं होतं कोण? त्याने जाऊन आबांच्या हातात चावी ठेवली. "चुकलं माझं," असं काहीसं पुटपुटला आणि सायकल काढली.

दुपारी लिफ्ट उठली. फिटरने नवं टोपण घट्ट बसवलं, मागे दगडांचं पोतं टांगून बघितलं, पोतं वर ते वरच. आबांनी टाळी वाजवली. "मी म्हणत होतो ना, मी काही केलं नाही!" सून हसली.  ती नांगर जोडायची पिन आणायला आत गेली.

बाहेर आली तेव्हा आबा ट्रॅक्टरजवळ उभे होते. फिटरचं टोपण त्यांनी काढून नीट खिशात ठेवलं होतं, आणि उघड्या भोकावर पाइप धरून ते ट्रॅक्टर धूत होते.

"काल तहानलेलाच राहिला बिचारा," ते म्हणाले.

तिने धावत जाऊन भोकावर तळवा दाबला. पाणी तिच्या हातावरून वाहत राहिलं. फिटर गेला होता, नवरा वखारीत होता, बघणारं कोणी नव्हतं. आज संध्याकाळी तो विचारणार. काल जे खोटं होतं ते आता खरं झालं होतं, आणि या वेळी पुढे करायला तिच्याकडे चिंधीही नव्हती.